व्यंग की अर्क? शाराकूच्या नटचित्रांविषयी

आमच्या वहिनींच्या कपाटात वहीचा एक कागद चाळीस वर्षे घडी घालून पडून होता. त्यावर शिसपेन्सिलीने काढलेले माझ्या थोरल्या भावाचे, आमच्या दादाचे, चित्र आहे. त्या कागदाची हकीकत शेवटी सांगते. आधी एका जपानी चित्रकाराविषयी सांगते, कारण त्याची चित्रे पाहिली नसती तर तो कागद मला कधी कळलाच नसता.

वाचक बंधुभगिनींनो, चित्रकलेवर लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर माझ्याजवळ उत्तर नाही. मुंबईत मराठी शाळेत शिकले, अठराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्राएलला आले आणि जन्मभर परिचारिका म्हणून राबले. शाळेत माझा हत्ती चित्रकलेच्या बाईंना डुक्कर वाटे. पण माणसांचे चेहरे मात्र मी पोटभर पाहिले आहेत. रात्रपाळीला "काही दुखत नाही, सिस्टर" असे म्हणणाऱ्याचे तोंड एक सांगते आणि पांघरुणावरचा हात दुसरेच सांगतो. हाताचे ऐकावे, तोंडाचे नव्हे, हे आम्हाला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. ते कामाने शिकवले. तेवढ्या शिदोरीवर हा लेख लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मुलीबरोबर रेल्वेने हैफाला गेले होते. तिथे कर्मेल डोंगरावर जपानी कलेचे टिकोटिन संग्रहालय आहे. जर्मनीत जन्मलेले यहुदी संग्राहक फेलिक्स टिकोटिन यांच्या संग्रहातून ते 1959 साली उभे राहिले. महायुद्धाच्या काळात हे गृहस्थ हॉलंडमध्ये लपून राहिले, आणि त्यांनी लपवलेल्या चित्रांपैकी पुष्कळशी चित्रेही वाचली. जीव मुठीत धरलेला माणूस चित्रे कशाला सांभाळतो, असे त्या दिवशी मनात आले होते. भिंतीवर जपानी नटांची ठसेचित्रे होती. मी तिथून हलत नाही असे पाहून मुलीने पुढे वाढदिवसाला मला एक जाडजूड पुस्तक आणून दिले. त्यात तोशुसाई शाराकू नावाच्या माणसाची चित्रे होती. ते पुस्तक आता माझ्या पलंगाशेजारी असते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. एदो म्हणजे आजचे टोकियो. तिथे काबुकी नावाची नाटके फार लोकप्रिय होती. आपल्या संगीत नाटकांच्या गायक-नटांवर लोक जीव टाकत, तसे तिथले लोक काबुकीच्या नटांवर टाकत. आवडत्या नटाचे चित्र स्वस्तात विकत मिळे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा लाकडी ठसे कोरी, छापणारा एकेक रंग चढवी आणि प्रकाशक ते दुकानात मांडी. 1794 सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने शाराकूची अठ्ठावीस चित्रे बाजारात आणली. तोवर हे नाव कोणी ऐकलेले नव्हते. सुमारे दहा महिन्यांत त्याची एकशे चाळीसहून अधिक चित्रे निघाली. 1795 सालाच्या सुरुवातीला ती थांबली आणि मग शाराकू हे नाव पुन्हा आले नाही.

पहिल्या अठ्ठावीस चित्रांत फक्त डोके आणि छाती दिसते. पाठीमागे नेपथ्य नाही, झाड नाही, घर नाही. काळपट पार्श्वभूमीवर अभ्रकाची पूड चढवली आहे. मूळ चित्र दिव्याजवळ तिरपे धरले की ती चमकते म्हणतात. पुस्तकात ती चमक येत नाही, पण अंधारातून एकच तोंड पुढे आले आहे असा भास पुस्तकातही होतो.

त्यांतले सर्वांत गाजलेले चित्र ओतानी ओनिजी या नटाचे. नाटकात तो एदोबेई नावाच्या नोकराच्या भूमिकेत आहे. हा नोकर दुष्टांना सामील आहे आणि दुसऱ्याजवळची रक्कम लुटायला निघाला आहे. मान पुढे काढलेली, हनुवटी त्याहून पुढे. तोंड घट्ट मिटून कोपरे खाली ओढलेले. बारीक डोळे नाकाकडे सरकलेले. आणि किमोनोच्या उघड्या गळ्यातून छातीजवळ दोन तळवे बाहेर आलेले, बोटे फाकलेली. काबुकीत ऐन प्रसंगी नट एखाद्या आविर्भावात क्षणभर गोठून उभा राहतो आणि प्रेक्षक ओरडून दाद देतात. हे चित्र त्या क्षणाचे असावे असे वाटते.

आता त्या हातांकडे पाहा. शरीररचनेच्या परीक्षेत हे चित्र नापास होईल. तळवे चेहऱ्याच्या मानाने लहान आहेत, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत हात कोणत्या वाटेने गेला याचा हिशेब लागत नाही. पुष्कळांनी हा दोष दाखवला आहे आणि तो खरा आहे. पण मला ते हात ओळखीचे वाटले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा पलंगाखाली पाऊल टाकणारा रोगी तोल जाण्याच्या आधी अशीच बोटे फाकतो. म्हणजे तोंड लुटारूचे आहे, पण हात घाबरलेल्याचे आहेत. चेहरा दुसऱ्याला धमकावतो आहे आणि हात स्वतःलाच सावरत आहेत. नोकरच तो. कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेला. पकडला गेला तर मरणार तोच. सबंध नाटकात जे असेल ते दोन वेड्यावाकड्या तळव्यांत उतरले आहे. हात बरोबर मापाचे काढले असते तर हे उतरले असते का? मला वाटते, नसते उतरले.

ज्याला लुटायचे त्या इप्पेईचेही चित्र शाराकूने काढले आहे. ती भूमिका इचिकावा ओमेझो या कोवळ्या नटाची होती. त्याचा हात तलवारीवर आहे, चेहरा गोल आणि अननुभवी. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की झटापटीच्या आधीची शांतता दिसते. एकटे चित्र पाहून ओनिजीला हसू येते, पण जोडी पाहिल्यावर हसू थांबते.

आपल्या मराठीत या कलेला दोन शब्द आहेत. एक व्यंगचित्र, दुसरा अर्कचित्र. बोलताना आपण दोन्ही एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. व्यंग म्हणजे उणीव, खोड. अर्क म्हणजे काय ते ओव्याचा अर्क घेतलेल्या कोणालाही सांगायला नको. शेरभर ओवा उकळून त्याचे जे चार थेंब उरतात ते अर्क. व्यंग शोधणारा माणसाच्या बाहेर उभा राहतो आणि बोट दाखवतो. अर्क काढणाऱ्याला आख्खा माणूस आधी भांड्यात घालावा लागतो. शाराकूची चित्रे जगभर व्यंगचित्रांच्या पंक्तीला बसवतात. माझ्या मते ती अर्कचित्रे आहेत, आणि याचा पुरावा त्याने काढलेल्या स्त्रियांमध्ये आहे.

स्त्रिया म्हणजे स्त्री-भूमिका करणारे पुरुष. 1629 साली जपानी सरकारने बायकांना काबुकीत काम करण्याची बंदी केली. तेव्हापासून तिथल्या स्त्री-भूमिका पुरुषच करीत आले. या नटांची चित्रे काढताना इतर चित्रकार त्यांना सुंदर बायका करून टाकीत. शाराकूने तसे केले नाही. सेगावा किकुनोजो हा त्या काळचा नामांकित स्त्री-पार्टी नट. तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती. ओशिझू नावाच्या पत्नीच्या भूमिकेतले त्याचे चित्र आहे. ती आजारी आहे हे प्रेक्षकांना कळावे म्हणून डोक्याला जांभळी पट्टी बांधलेली आहे. आपल्या कोकणातल्या आज्याही डोके दुखले की फडके करकचून बांधीत. म्हणून ती पट्टी मला कोणी समजावून सांगावी लागली नाही. केस स्त्रीचे, ओठ रंगवलेले, चेहऱ्यावर पांढरा लेप. पण जबडा पुरुषाचा, गाल वयाने जड झालेले, आणि लेपाखालून सगळे दिसते आहे.

पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, बिचाऱ्याची फजिती केली. दहादा पाहिल्यावर मत बदलले. ती बाई खरोखर आजारी आणि थकलेली वाटते, आणि ते थकणे त्या नटाचे स्वतःचे आहे. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने आपले जड शरीर एका आजारी बाईला उसने दिले आहे. इतरांच्या चित्रांत फक्त बाई दिसते, म्हणजे नटाचे कष्ट पुसले जातात. थट्टा करणाऱ्याच्या चित्रात फक्त पुरुष दिसला असता, म्हणजे बाई पुसली गेली असती. शाराकूने दोघांनाही पुसले नाही. एकाच तोंडावर दोन माणसे बसवली आणि दोघांचाही मान राखला. त्याच नाटकातल्या सेगावा तोमिसाबुरो या दुसऱ्या स्त्री-पार्टी नटाचा चेहरा हाडकुळा आणि नजर धारदार आहे. त्यालाही त्याने गोड केले नाही.

इथे मला आजीची आठवण येते. तिने गिरगावात बालगंधर्वांचे 'एकच प्याला' पाहिले होते. 1919 सालचे हे नाटक, आणि त्यातली सिंधू ही त्यांची भूमिका पुढे वर्षानुवर्षे चालत राहिली. बालगंधर्वांसारखे लुगडे नेसायला घरंदाज बायका शिकत, हे तर सर्वांना ठाऊक आहे. पुढे उतारवयातही ते स्त्री-भूमिका करीत राहिले. आजी सांगे की नंतर नंतर ती डोळे मिटून नुसते गाणे ऐके, कारण डोळे उघडले की म्हातारा माणूस दिसे आणि तिला रडू येई. मी लहानपणी यात आजीचे प्रेम पाहत असे. आता वाटते, शाराकू शेजारी बसला असता तर त्याने आजीला डोळे उघडायला लावले असते. म्हातारपण अंगावर घेऊनही सिंधू उभी करणारा माणूस पाहण्यासारखा नव्हता का?

शाराकूच्या गावानेही डोळे मिटलेच. त्याच सुमारास उतागावा तोयोकुनी नावाचा तरुण चित्रकार नटांना रंगमंचावर उभे असलेले दाखवणारी चित्रे काढू लागला. त्याचे नट देखणे, उंच, ऐटबाज. ती चित्रे खपली आणि तोयोकुनी पुढे मोठा झाला. शाराकूच्या समकालीनांपैकी ओता नानपो याने लिहून ठेवले आहे की हा माणूस नटांची चित्रे फार खरी काढायला गेला, म्हणून विचित्र काढून बसला आणि फार काळ टिकला नाही. हा ठपका मी पुन्हा पुन्हा वाचला. चित्र खोटे आहे असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. खरेपणा जास्त झाला हीच तक्रार आहे. पुढे 1910 साली युलिउस कुर्थ या जर्मन अभ्यासकाने शाराकूवर पुस्तक लिहिले, तेव्हा युरोपचे डोळे उघडले. आज जपानलाही त्याचा अभिमान आहे.

मात्र शाराकूचे सगळेच चांगले असे म्हणणे अंधभक्ती होईल. दहा महिन्यांतल्या पुढच्या चित्रांत नट पूर्ण उंचीचे आले. त्यांतली काही जोडचित्रे ऐटदार आहेत, पण चेहरे लहान झाले आणि अंगरख्यांची नक्षी मोठी झाली. शेवटच्या चित्रांत मागे झाडे आणि देखावे आले, आणि नट त्यांच्यासमोर बाहुल्यांसारखे उभे राहिले. दाईदोझान नावाच्या सात वर्षांच्या अगडबंब मुलाची चित्रेही त्याने काढली. कुस्तीच्या आखाड्यात लोक त्या पोराला नवल म्हणून पाहायला जात. मला ती चित्रे पाहवत नाहीत. तिथे अर्क नाही, नुसते नवल आहे. ज्या माणसाने चाळिशीच्या नटाचा थकवा इतक्या आदराने पाहिला, त्याला या लेकराच्या चेहऱ्यात काहीच कसे दिसले नाही? गिऱ्हाइकाला काय हवे ते त्याच्या कानावर येऊ लागले असावे, असा माझा तर्क आहे. प्रकाशकही अडचणीतून गेलेला होता. 1791 साली सरकारने त्सुतायाची निम्मी मालमत्ता जप्त केली होती. पोटासाठी वाकावे लागते, हे मी समजू शकते. पण चित्रे वाकलेली दिसतात, हेही लिहिले पाहिजे.

हा माणूस होता कोण? यावर पुष्कळ वाद झाले. 1844 साली साइतो गेश्शिन याने नोंदवले की शाराकू म्हणजे साइतो जूरोबेई, आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला नो-नाटकाचा नट. आज बहुतेक अभ्यासक हेच मानतात. नो हे सरदारांच्या घरचे सोवळे नाटक, काबुकी हे बाजारातले. म्हणजे एका सोवळ्या नटाने बाजारातल्या नटांना पाहिले. ओनिजीच्या त्याच नाटकात एक पात्र नो-नटाचेच आहे. मुलीच्या चुकीचे प्रायश्चित्त म्हणून तो बाप आपला जीव देतो. इचिकावा एबिझो या ज्येष्ठ नटाने ती भूमिका केली आणि शाराकूने त्याचे चित्र काढले. सुरकुतलेले, मोठ्या नाकाचे ते तोंड पाहताना हसू येत नाही. मुखवट्याआड घामाने भिजणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याने काढलेले हे चित्र आहे. नटाचा अर्क नटानेच काढला, एवढेच मी यातून घेते.

आता वहिनींचा कागद.

1984 साल. लोदमध्ये आमच्या लोकांनी होळीच्या सणाला, म्हणजे पुरीमला, मराठी विनोदी नाटक बसवले होते. सासूचे काम करणारी बाई दोन दिवस आधी तापाने आडवी झाली. दादा विमानाच्या कारखान्यात फिटर होता. नाटकाचा सगळा मजकूर त्याला पाठ. त्याने मिशा उतरवल्या, आमच्या आईचे लुगडे नेसले आणि सासू झाला. आई 1982 साली गेली होती. सभागृह दोन तास हसत होते. मीही हसले.

शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलाने नाटक चालू असताना गणिताच्या वहीवर दादाला काढले. दुसऱ्या दिवशी तो कागद घरोघर फिरला. पावडरीखालून दिसणारा मिशीचा निळसर डाग, फुगलेला कंठमणी, फिटरचे रुंद खांदे आणि त्यावर ताणलेले लुगडे. वहिनी संतापल्या. माझ्या नवऱ्याचे हसे केले म्हणाल्या. मीही त्यांच्या बाजूने बोलले. "फाडून टाका," असे मीच म्हटले. दादाने कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता वहिनींना दिला. त्यानंतर तो नाटकात कधी उभा राहिला नाही. त्या पोराने दादाचा हौसेचा छंद मारला, असे आम्ही सगळे धरून चाललो.

दादा वारल्यावर शिवाच्या दिवसांत वहिनींनी कपाट उघडले आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "वन्सं, तुम्हीच फाडा म्हणाला होता. माझा हात झाला नाही."

तोवर शाराकू माझ्या उशाशी येऊन राहिला होता. म्हणून मी चेहरा पाहिला नाही, हात पाहिला. चित्रात दादाचा उजवा हात पदराचे टोक धरून हनुवटीपाशी आहे, आणि करंगळी बाकीच्या बोटांपासून सुटी, जराशी वाकडी. आई असाच पदर धरायची. तिची करंगळी लहानपणी विळीवर कापली होती, ती वळत नसे. दादाची करंगळी धडधाकट होती. आईला सासू करून त्याने रंगमंचावर आणले होते आणि पहिल्या रांगेत बसून हसणाऱ्या आम्हा कोणाच्या ते ध्यानात आले नाही. त्या पोराने आईला कधी पाहिलेही नव्हते. त्याने फक्त समोरचा हात जसा होता तसा काढला.

दादाने तो कागद पाहून काय ओळखले, आणि नंतर नाटक का सोडले, हे मी त्याला विचारायला हवे होते. सासूच्या त्या लुगड्यातले त्याचे फोटोही आमच्याकडे आहेत. त्यांत तो कॅमेऱ्याकडे पाहून हसतो आहे आणि दोन्ही हात कमरेवर आहेत.

लोद, रामले, अश्दोद, दिमोना, बेर्शेबा, सगळीकडे आपल्या लोकांनी मराठी नाटके केली. ती माणसे एकेक करून जात आहेत. त्यांच्यावर लिहिताना आपण सगळ्यांना देखणे आणि गुणी करून टाकतो, तोयोकुनीसारखे. असे लेख मीही लिहिले आहेत. तुमच्याही कपाटात असा एखादा घडीचा कागद असेल, कोणाचे नाक मोठे काढलेला, कोणाचे पोट सुटलेले दाखवणारा, रागाने बाजूला टाकलेला. तो फाडू नका. चष्मा लावून आधी हात पाहा.

वहिनींनी आता तो कागद काचेत बसवून घेतला आहे. मागच्या बाजूला त्या पोराची अपूर्णांकांची गणिते आहेत, त्यांतली दोन चुकलेली. चौकटवाल्याने विचारले, मागे पुठ्ठा लावून झाकू का? वहिनी म्हणाल्या, नको, मागेही काचच लाव.